सूर्यास्तापूर्वींची मजुरी

बायबल म्हटलें कीं आपल्यांपैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें नाताळचा तारा, गव्हाणींतलें बाळ किंवा डोंगरावरील प्रवचन उभें राहतें. ज्यांचा त्या ग्रंथाशीं याहून अधिक परिचय आहे त्यांनाही तो मुख्यत: परलोकाचा ग्रंथ वाटतो. प्रत्यक्षांत त्याचीं पानें उलटूं लागलें म्हणजे गंमत अशी दिसते कीं जुन्या करारांत परलोकाची चर्चा थोडी आणि तराजूची, मापांची, गहाणवटीची, शेताच्या बांधाची व मजुरीची चर्चा फार. नवें घर बांधणाऱ्यानें गच्चीला कठडा घालावा, म्हणजे कोणी वरून पडून प्राणास मुकणार नाहीं, इतक्या बारीक गोष्टीचीही आज्ञा मोशेच्या शास्त्रांत आहे. त्या शास्त्रांतील एकच नियम आज मी आपल्यापुढें ठेवणार आहें.

तो नियम ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायांत आहे. रोजंदारीवर राबणाऱ्या गरिबाची मजुरी ज्या दिवसाची त्या दिवशीं, दिवस बुडण्याच्या आंत, त्याच्या हातीं पडली पाहिजे, असा हा नियम. तो मजूर आपल्या भाऊबंदांपैकीं आहे कीं परमुलखांतून येऊन आपल्या वेशीच्या आंत वस्ती करून राहिला आहे, हा भेद नियमाला मान्य नाहीं. आणि कारण काय, तर तो गरीब आहे व त्याचा जीव त्या मजुरीवर टांगलेला आहे. येथें मूळ हिब्रू शब्द ‘नेफेश’ असा आहे. गळा, श्वास आणि जीव हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दांत सामावतात. मालकानें चालढकल केली आणि मजुरानें आपलें गाऱ्हाणें देवाच्या कानावर घातलें, तर दोष मालकाच्या पदरीं, असा निकालही शास्त्रकारानें आधींच देऊन ठेवला आहे.

आतां या नियमाकडे जरा बारकाईनें पाहा. मजुरी साफ बुडविणाऱ्या लबाडाला उद्देशून तो सांगितलेला दिसत नाहीं. तो सांगितला आहे तुमच्या-आमच्यासारख्या सभ्य गृहस्थाला, ज्याला पैसे द्यावयाचेच आहेत, फक्त आज नव्हे, उद्यां. ‘लेवीय’ या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय तर याहून कठोर आहे. शेजाऱ्याला लुबाडणें आणि मजुराचे पैसे रात्रभर आपल्यापाशीं ठेवून घेणें हीं दोन्हीं त्यानें तेराव्या वचनांत एका दमांत निषिद्ध ठरविलीं आहेत. शेजाऱ्यावरील प्रेमाची जी आज्ञा सर्व जगाला ठाऊक आहे ती याच अध्यायांत, यानंतर पांच वचनांनीं येते. आम्ही ख्रिस्ती लोक ती अठराव्या वचनांतली आज्ञा मुलांकडून तोंडपाठ करवून घेतों. तेरावें वचन पाठ करविणारा शिक्षक मला अद्याप भेटावयाचा आहे.

एका रात्रीच्या विलंबाला लुबाडणुकीच्या पंक्तीस बसविणें कोणाला अतिशयोक्तीचें वाटेल. पण हिशेब करून पाहा. मजुरी लांबविणें म्हणजे संपन्न मनुष्यानें गरिबाकडून घेतलेलें बिनव्याजी कर्ज होय, आणि तेंही न विचारतां घेतलेलें. समजा, एका घरीं धुणें-भांडीं करणाऱ्या बाईंचा पगार महिना ६,००० रुपये आहे व तो दहा दिवस उशिरां मिळतो. त्या दहा दिवसांत खोलीचें भाडें थांबत नाहीं, म्हणून बाई वस्तींतल्या सावकाराकडून दरमहा शेकडा ५ रुपये व्याजानें तेवढीच रक्कम उचलतात. दहा दिवसांचें व्याज १०० रुपये झालें. मालकांच्या वहींत या शंभर रुपयांची नोंद कोठेंच होत नाहीं. ते म्हणतात, मीं पगार पुरा दिला. आणि ते कांहीं खोटें बोलत नसतात. शास्त्रकाराची दृष्टि मात्र त्या शंभर रुपयांवर आहे.

असे नियम ग्रंथांतच राहतात, व्यवहारांत त्यांना कोण विचारतो, अशी शंका सहज येईल. तिचें अर्धें उत्तर जमिनींतून निघालेलें आहे. १९६० सालीं इस्राएलच्या समुद्रकिनाऱ्यावर, यावने-याम या प्राचीन बंदराच्या दक्षिणेस, एका लहानशा किल्ल्याच्या उत्खननांत शाईनें लिहिलेलें एक मातीचें खापर सांपडलें. तें ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आहे. तो आहे एका कापणी करणाऱ्या मजुराचा अर्ज, तेथील अधिकाऱ्याच्या नांवें केलेला. त्याचें म्हणणें असें कीं ठरलेलें माप त्यानें पुरें करून कोठारांत भरलें होतें, तरी शोबैचा पुत्र होशायाहू यानें त्याचें पांघरायचें वस्त्र काढून नेलें. उन्हांत बरोबर राबलेले सगळे सोबती आपल्या बाजूनें साक्ष देतील असें तो सांगतो आणि वस्त्र परत मागतो. अर्जदाराचें नांव लेखांत नाहीं. वस्त्र नेणाऱ्याचें आहे.

हा मजूर मागतो आहे तें निर्गमाच्या पुस्तकांत शब्दश: नाहीं, पण अगदी जवळचें सांपडतें. गरिबाचें पांघरूण गहाण घेतलेंच तर तें सूर्यास्तापूर्वीं परत करावें, कारण रात्रीं अंगावर घ्यावयास त्याला दुसरें कांहीं नसतें, अशी तेथें आज्ञा आहे. येथेंही घड्याळ सूर्याचेंच. मला या खापराचें मोल वाटतें तें एवढ्यासाठीं कीं आपणांस न्याय मागण्याचा अधिकार आहे, हें त्या निनांवी मनुष्याला ठाऊक होतें. स्वत:ला लिहितां येत नसेल तर त्यानें लेखनिकाकडून लिहवून घेतलें असेल. पण तो गप्प बसला नाहीं.

त्याच सुमारास यरुशलेमांत एक राजा महाल बांधीत होता. योशीया राजाचा हा पुत्र यहोयाकीम. प्रशस्त दालनें, मोठमोठ्या खिडक्या, गंधसरूच्या तक्तपोशी आणि वर हिंगुळाचा रंग. सगळा थाट होता. अडचण एवढीच होती कीं कारागिरांना मजुरी दिलेली नव्हती. यिर्मया संदेष्ट्यानें त्याला भर राजवाड्यासमोर जें सुनावलें तें त्याच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायांत आहे. तेथें संदेष्टा राजाच्या मूर्तिपूजेचा विषयच काढीत नाहीं, मजुरीचा काढतो. तुझा बापही खात-पीत होता, सुखांत होता, पण दीनदुबळ्यांना न्याय देत होता. देवाला ओळखणें तें यालाच म्हणतात, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. देवाला ओळखणें म्हणजे काय, या प्रश्नावर तत्त्वज्ञांनीं ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले. यिर्मयानें त्याचें उत्तर गवंड्यांच्या हजेरीपटांत शोधलें.

आतां यरुशलेम सोडून आपल्या मुंबईकडे वळूं. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या गिरणी कामगारांनीं सुमारें साडेपांच हजार सह्यांचें एक निवेदन तयार केलें. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, अपघातांत जायबंदी झालेल्यास भरपाई, अशा त्यांतील मागण्या अनेकांना ठाऊक आहेत. पण त्यांत आणखी एक मागणी होती, ती फारशी कोणी सांगत नाहीं: मागील महिन्याचा पगार निदान पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. म्हणजे पंधरा तारीख ही सवलत म्हणून मागावी लागत होती! लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेंतले. ते बायबल हातांत घेऊन बोलत नव्हते, आणि त्यांना आमच्या धर्माच्या खात्यावर जमा करण्याचा माझा मुळींच विचार नाहीं. उलट मला असें म्हणावयाचें आहे कीं ज्याच्या पोटाला चिमटा बसतो त्याला हा नियम कोणत्याही सिनाय पर्वतावर न जातां कळतो. तो कळण्यासाठीं पर्वतावर जावें लागतें तें मालकाला.

साप्ताहिक सुटी १८९० सालीं मिळाली. पगाराची तारीख कायद्यानें बांधली जाण्यास मात्र १९३६ साल उजाडावें लागलें. त्या सालच्या कायद्यानें हजारांहून कमी कामगार असलेल्या कारखान्याला सात दिवसांची व मोठ्या कारखान्याला दहा दिवसांची मुदत दिली. तो कायदा पुढें २०१९ च्या वेतन संहितेंत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. मासिक पगार पुढील महिन्याच्या सात दिवसांच्या आंत, कामावरून काढल्यास किंवा कामगारानें काम सोडल्यास दोन कामाच्या दिवसांत सर्व बाकी, आणि रोजंदारीवाल्याची मजुरी त्या दिवसाची पाळी संपतांच, असें ती सांगते. पाळी संपतांच! अडीच हजारांहून अधिक वर्षांनीं दिल्लीचा कायदा यावनेच्या त्या मजुराच्या सूर्यास्तापाशीं येऊन पोहोंचला.

कायदा पोहोंचला म्हणजे मजुरी पोहोंचलीच असें नव्हे. २०२० च्या मार्च महिन्यांत काय झालें तें आपण विसरलेलों नाहीं. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयानें आदेश काढला कीं बंदच्या काळांतही मालकांनीं कामगारांना पूर्ण वेतन द्यावें. आदेशाविरुद्ध मालक सर्वोच्च न्यायालयांत गेले. आदेश पुढें मागें घेतला गेला. आणि १२ जूनला न्यायालयानें मालक-कामगारांनीं आपसांत बोलून तडजोड करावी असें सुचवून मालकांवर सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली. तोंपर्यंत माणसें रस्त्याला लागलीं होतीं. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत काम करणारे मध्यप्रदेशचे मजूर गाडी मिळेल या आशेनें भुसावळच्या दिशेनें रुळांच्या कडेनें चालत निघाले, थकले आणि रुळांवरच झोंपले. ८ मे २०२० च्या पहांटे, तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांत, करमाडजवळ मालगाडीखालीं त्यांतले १६ जण ठार झाले.

कारखानदारांची अडचण खोटी होती असें मी म्हणत नाहीं. यंत्र बंद, माल पडून, बँकेचा हप्ता चालू. लहान कारखानदार खरोखरच पेचांत सांपडला होता. अशा वेळीं पैसे कोठून आणावे हें मोशेचें शास्त्र सांगत नाहीं. तें फक्त क्रम सांगतें: जो थोडा आहे त्या पैशावर पहिला हक्क कोणाचा. ज्याचा जीव त्यावर टांगलेला आहे त्याचा. बँकेचा जीव सहसा टांगलेला नसतो.

त्याच दिवसांत आपल्या गृहसंस्थांचीं फाटकें बंद झालीं. रोगाच्या भीतीनें तीं बंद होणें समजण्यासारखें होतें. पण मघां मीं ‘वेशीच्या आंत’ असा शब्द वापरला त्याकडे पुन्हा लक्ष द्या. हिब्रूंत तेथें ‘तुझीं फाटकें’ असाच शब्दप्रयोग आहे. जो परका तुझ्या फाटकाच्या आंत येऊन राबतो त्याची जबाबदारी तुझी. फाटक मिटलें म्हणून ती जबाबदारी बाहेर राहिली काय? पुष्कळ कुटुंबांनीं कामाच्या बाईंना घरीं बसवून महिन्यांमागून महिने पगार पोहोंचविला, हें मीं पाहिलें आहे. पुष्कळांनीं एप्रिलचा अर्धा दिला, मेचा दिला नाहीं आणि जूनमध्यें दुसरी बाई पाहिली, हेंही पाहिलें आहे. दोन्ही प्रकारचीं कुटुंबें सुशिक्षित होतीं आणि दोहोंच्या घरीं देवाचें नांव घेतलें जात होतें.

घरकामाच्या बाबतींत कायद्याचा हात उंबरठ्याच्या आंत फारसा येत नाहीं. महाराष्ट्रानें २००८ सालीं घरेलू कामगारांसाठीं कल्याण मंडळाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें २०११ सालीं १८९ क्रमांकाचा करार संमत केला, त्याला आपल्या देशाची मान्यता अद्याप नाहीं. २०२५ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें अशा कामगारांसाठीं वेगळा कायदा करतां येईल काय याचा विचार करण्यास केंद्र सरकारला सांगितलें. हें सारें होईल तेव्हां होईल. तोंपर्यंत स्वयंपाकघरांतला कायदा म्हणजे त्या घरची मालकीणबाई आणि तिचे यजमान.

तेथें काय काय चालतें तें मी कशाला सांगूं? सुटे नाहींत, ही जुनी सबब. चहाचे दहा रुपयेही मोबाईलवरून देणाऱ्या गृहस्थाच्या तोंडीं ती आतां शोभत नाहीं. खाडे मोजण्याचें गणित मात्र चोख असतें. पाहुणे आले, भांडीं दुप्पट पडलीं, त्याचें गणित कोणी मांडीत नाहीं. लाबानानें याकोबाची मजुरी दहा वेळां बदलली अशी याकोबाची तक्रार उत्पत्तीच्या पुस्तकांत आहे. आपण मजुरी बदलीत नाहीं, काम बदलतों, परिणाम तोच. आणखी एक प्रकार उचलीचा. मुलीच्या लग्नाला म्हणून बाईंना वीस हजार रुपये आगाऊ द्यावयाचे, आणि मग ती उचल फिटेपर्यंत पगारवाढीचा शब्द काढूं द्यावयाचा नाहीं. बीडकडच्या ऊंसतोड कामगारांना मुकादमाच्या उचलीनें कसें बांधून ठेवलें जातें याबद्दल आपण हळहळतों. दोर आंखूड असला तरी दोरच. ज्यांना वेळेवर देणें जड वाटतें त्यांनाच आगाऊ देणें सोपें वाटतें, हें एक लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

ईयोबाच्या पुस्तकांत एकतिसाव्या अध्यायांत तो दु:खी पुरुष आपल्या निर्दोषपणाची जंत्री सांगतो. त्यांत तो म्हणतो कीं माझ्या दासानें वा दासीनें माझ्याविरुद्ध तक्रार केली तर ती मीं झिडकारली नाहीं. कारण मला आणि तिला आईच्या पोटांत घडविणारा एकच आहे. तक्रार ऐकून घेणें हें तो पुण्यांत धरतो. आपल्याकडे मोलकरणीनें तक्रार केली कीं ‘डोक्यावर बसली’ असें म्हणण्याची पद्धत आहे.

हें सगळें मी आपल्या हिंदु किंवा मुसलमान शेजाऱ्यांना उद्देशून सांगतों आहें असें कोणीं समजूं नये. मजुरीविषयींचें सर्वांत जहाल बोलणें नव्या करारांत याकोबाच्या पत्रांत आहे, आणि तें पत्र लिहिलें आहे ख्रिस्ती मंडळ्यांना. शेतकाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वत:च आक्रोश करते, असें तो तेथें म्हणतो. त्याच पत्रांत, सोन्याची अंगठी घालून कोणी सभेंत आला कीं त्याला पुढचें आसन देतात याचीही हजेरी घेतलेली आहे. म्हणजे तेव्हांही पुढच्या बांकावर कोण बसत होतें तें उघड आहे. आमच्या मंडळ्या, आमच्या शाळा, आमचीं इस्पितळें यांनीं आपल्या झाडूवाल्यांचा आणि पहारेकऱ्यांचा पगार कंत्राटदाराकडे सोंपवून हात धुतले असतील, तर तें पत्र त्यांनीं पुन्हा एकवार सभेंत मोठ्यानें वाचावें.

शेवटीं येशूचा तो द्राक्षमळ्याचा दृष्टांत. मळ्याचा धनी पहांटे मजूर आणावयास जातो. पुन्हा तिसऱ्या तासाला, सहाव्याला, नवव्याला जातो, आणि अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळण्यास तासभर उरला असतां, पुन्हा जातोच. आपल्या शहरांतल्या मजूर नाक्यांवर सकाळीं जी गर्दी उभी असते तिच्यासारखीच ती जागा असणार. इतका वेळ रिकामे कां उभे, असें तो विचारतो. आम्हांला कोणी कामाला लावलेंच नाहीं, असें ते सांगतात. संध्याकाळ होतांच तो कारभाऱ्याला बोलावून मजुरी वाटावयास सांगतो आणि शेवटच्यांनाही दिवसाचा पुरा दीनार देतो. दिवसभर राबलेले कुरकुरतात. दृष्टांत स्वर्गाच्या राज्याविषयीं आहे हें खरें, आणि व्यवहारी माणसें त्यावर नेहमीं विचारतात कीं असें केलें तर उद्यां पहांटे कामाला येईल कोण. प्रश्न रास्त आहे. परंतु धन्याला हिशेब येत नव्हता असें नाहीं. पहांटेच्या मजुरांना त्यानें ठरल्याप्रमाणें पुरें दिलें. अकराव्या तासाच्या मजुराला भूक मात्र बाराही तासांची लागलेली होती, आणि दीनार म्हणजे एका कुटुंबाचा एका दिवसाचा घांस. कुरकुरीच्या गोंधळांत एक गोष्ट आपल्या नजरेंतून निसटते: मजुरी संध्याकाळींच वाटली गेली. अनुवादांतला नियम तेथें गाजावाजा न करतां पाळलेला आहे.

आतां मे महिन्याचें पाहा. मुलांना सुटी लागते. कोणी कोंकणांत जातें, कोणी महाबळेश्वरला, कोणी परदेशीं मुलाकडे. जातांना बाईंना सांगितलें जातें, महिनाभर येऊं नका. त्या महिन्याचा पगार? कामच नाहीं तर पगार कसला, असें कित्येक घरीं ठरलेलें असतें. त्या बाई मात्र त्या महिन्यांत रिकाम्या असतात त्या आळसानें नव्हे. त्यांना कोणी कामाला लावलेलें नसतें, आणि एका महिन्यापुरतें दुसरें घर मिळत नाहीं. आपल्या कचेरींत आपणांस पगारी रजा मिळते व तिच्याच जोरावर आपण गाडींत बसतों. तेव्हां तिकिटें काढतांना प्रवासखर्चाच्या यादींत बाईंच्या महिन्याचा पगार धरावा, आणि गाडी पकडण्यापूर्वीं तो त्यांच्या हातीं द्यावा. परत आल्यावर नव्हे.